बादलीतला समुद्र

आमच्या घरी दर शनिवारी रात्री समुद्र विरजायला ठेवतात. हे वाक्य वाचून कुणाला वाटेल की, दिवाळी अंकासाठी लेख मागितला म्हणून मराठीच्या प्राध्यापिकेला काव्य सुचले! तसे काही नाही. आमच्या स्वयंपाकघरात गव्हाच्या डब्याशेजारी झाकणाची एक निळी बादली आहे. शनिवारी जेवणे आटोपली, ओटा पुसून झाला, की तीत दहा लिटर पाणी घ्यायचे, त्यात तोलून ३७० ग्रॅम पांढरी पूड सोडायची, पाणी फिरवणारा चिमुकला पंप लावायचा आणि दिवे मालवून झोपी जायचे. रविवारी सकाळच्या चहापर्यंत समुद्र तयार होतो. दही लागले की नाही हे आपण भांडे किंचित कलते करून पाहतो. समुद्र लागला की नाही, हे आम्ही एका वीतभर दुर्बिणीतून पाहतो, इतकाच फरक.

हा सारा खटाटोप बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टाकीसाठी. टाकी शंभर लिटरची. दगड आणि वाळू यांनी अडवलेली जागा सोडली तर पाणी ऐंशी लिटर. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या दोन माशांची जोडी, चार गोगलगायी आणि दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड करून राहणारा एक खेकडा. आम्ही राहतो पुण्यात. सह्याद्री उतरल्याशिवाय जिथे समुद्राचे दर्शन नाही, अशा गावात.

दोष म्हटला तर माझाच. माझे बालपण गिरगावातले. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात वडील आम्हा भावंडांना सुटीत न्यायचे. तिथल्या काचेला नाक लावून उभे राहिल्याच्या आठवणी मी चिरंजीवांना इतक्या वेळा सांगितल्या की, बाराव्या वाढदिवशी त्यांनी सायकल न मागता समुद्र मागितला. आमच्या 'ह्यां'नी आधी किंमत विचारली, मग कपाळाला हात लावला आणि शेवटी टाकी आणली. मध्यमवर्गीय घरात गोष्टी याच क्रमाने घडतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. परदेशातल्या घरगुती टाक्यांमध्ये जिवंत प्रवाळांची बाग फुलवलेली असते. चित्रांत ती फार मोहक दिसते. आपल्याकडे तो विचार मनात आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक रचणारे सारे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेही घातले गेले. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. तेव्हा आमच्या टाकीतले खडक भट्टीत भाजलेल्या मातीचे आहेत आणि मासे समुद्रातून पकडलेले नाहीत, तर पैदास केंद्रात जन्मलेले. कोचीला मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास करण्याचे तंत्र आपल्याकडे बसवले आहे. भाजलेल्या मातीवर वर्षभराने जांभळट-गुलाबी शेवाळाचा टणक लेप चढतो. तो आपोआप चढू लागला, त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला होता.

मीठ घातले की झाले ना?

पहिल्या दिवशी मी विचारलेला प्रश्न कुणीही गृहिणी विचारील. समुद्राचे पाणी खारट, मीठ समुद्रातूनच येते. मग पाण्यात मीठ टाकले की समुद्र झाला! त्यासाठी ती महागडी पूड कशाला? वाण्याकडचे मीठ काय वाईट?

याचे उत्तर 'ह्यां'ना देता आले नाही, मलाही नाही. ते दिले सासूबाईंनी. त्यांचे माहेर उरणकडचे. लहानपण मिठागरांच्या बांधावर गेलेले. त्या म्हणाल्या, "अगं, मीठ म्हणजे समुद्र नव्हे. आमच्याकडे मीठ ओढून घेतल्यावर खाली जे पाणी राहायचं ना, ते जिभेला लागलं तर कडूजहर. ते टाकून देतात. तो पण समुद्रच की!"

रसायनशास्त्राच्या पुस्तकात पुढे मी जे वाचले, ते याहून निराळे नव्हते. मिठागरात भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात आणि उन्हात आटवत नेतात. पाणी आटू लागले की सर्वांत आधी चुन्याचा थोडा अंश खाली बसतो. पाणी मूळच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर आले की जिप्सम बसते. ते दहाव्या हिश्श्याच्या आसपास आले की मग आपले खायचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, खडे धरू लागते. ते फावड्याने ओढून घेतले की मागे उरते ते कडू पाणी. त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचे क्षार. म्हणजे मिठागर हे एक मोठे चाळणे आहे. समुद्रातले कॅल्शियम आधीच्या वाफ्यात राहते, मॅग्नेशियम शेवटच्या पाण्यात जाते आणि मधले तेवढे आपल्या बरणीत येते. त्या बरणीतल्या मिठापासून पुन्हा समुद्र करू पाहणे म्हणजे साईचे लोणी काढून घेतल्यावर त्या लोण्यातच पाणी मिसळून पुन्हा दूध करू पाहण्यासारखे. शिवाय बाजारच्या मिठात आयोडीन घातलेले असते आणि पावसाळ्यात ते मोकळे राहावे म्हणून आणखीही काही.

मिठागर म्हटले की आम्हा मराठीच्या मंडळींना शिरोडे आठवल्यावाचून राहत नाही. १९३० साली मिठाचा सत्याग्रह तिथल्या मिठागरांत झाला आणि वि. स. खांडेकर त्या काळी त्याच गावी शिक्षक होते. वर्गात मी हे दरवर्षी सांगत आले. पण मिठागरात मीठ नेमके कसे धरते, हे मला घरी मासे येईपर्यंत ठाऊक नव्हते. पुस्तकी शिक्षणाची ही गंमत!

समुद्राची कृती

मग समुद्रात असते तरी काय? एक किलो समुद्रपाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत क्लोराइड सुमारे १९.३ ग्रॅम, सोडियम १०.८, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम ०.४ आणि पोटॅशियमही ०.४. उरलेले सारे घटक चिमटीएवढे. मिठाचे दोन घटक मिळून ३० ग्रॅम होतात हे खरे, पण जीव अडतो तो राहिलेल्या पाचांवर. गोगलगाय शंख बांधते तो कॅल्शियमवर. दगडावरचा जांभळा लेप चढतो तो कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोहोंवर. भाजीला मीठ-मिरची आणि भाजी दोन्ही लागतात, तसेच हे.

यातली सर्वांत नवलाची गोष्ट पुढेच आहे. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचे इंग्रजी जहाज जगातल्या महासागरांतून हिंडले आणि ठिकठिकाणचे, निरनिराळ्या खोलींवरचे पाणी घेऊन परतले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले आणि १८८४ साली प्रसिद्ध केले. निष्कर्ष असा की, उघड्या महासागराचे पाणी कुठे कमी खारट असेल, कुठे अधिक. पण त्यातल्या प्रमुख क्षारांचे एकमेकांशी प्रमाण सगळीकडे जवळजवळ सारखेच. अटलांटिकचे घ्या की पॅसिफिकचे, मसाला एकच. पाणी तेवढे कमीजास्त. म्हणून तर एका कारखान्यात बनवलेली पूड पुण्यात पाण्यात सोडली तरी समुद्र होऊ शकतो. समुद्रासमुद्राचा मसाला निराळा असता, तर हा उद्योग कुणाच्याच आवाक्यात आला नसता.

आणि हा उद्योग नवाही नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांना पाहण्यासाठी मत्स्यगृह उघडले. त्या काळच्या फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञापुढे आमच्यासारखीच अडचण होती : राहायचे लंडनला आणि समुद्र दूर. पाणी पिंपांतून आणवायचे म्हणजे खर्च आणि खोळंबा. तेव्हा त्याने खायचे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड अशी चार द्रव्ये पाण्यात मिसळून घरच्या घरी समुद्र केला. आमच्या औषधांच्या कपाटात असलेले एप्सम सॉल्ट पाहून चिरंजीवांना कोण आनंद झाला होता! आजच्या पुडीत कॅल्शियम, पाण्याचा आम्लपणा आवरून धरणारे सोड्यासारखे क्षार आणि सूक्ष्म घटक यांची भर पडली आहे. पण गॉससाहेबांची मूळ कल्पना तीच.

हाताखालची गुपिते

आता प्रत्यक्ष कृती. पाककृती लिहायची सवय नसली तरी प्रयत्न करते.

पहिले पाणी. नळाचे पाणी चालत नाही. त्यात क्लोरीन असते, कधी नळांच्या धातूंचे अंश असतात. तांब्याचा अंश तर शिंपल्या-गोगलगायींना विषच. आपल्या स्वयंपाकघरातला पाणी शुद्ध करणारा डबाही पुरत नाही, कारण चवीसाठी पाण्यात थोडे क्षार ठेवण्याची वा पुन्हा घालण्याची सोय त्यांपैकी पुष्कळांत केलेली असते. आम्ही त्या पाण्याला आणखी एका नळीतून नेतो. तीत राळेचे बारीक रंगीत मणी असतात. ते उरलेसुरले क्षार धरून ठेवतात आणि थकले की रंग बदलतात. पाण्यात बुडवायच्या मीटरवर शून्य आले, की पाणी घ्यायला हरकत नाही.

दुसरे, क्रम. पुडीवर पाणी ओतायचे नाही. पाण्यात पूड सोडायची, तीही फिरत्या पाण्यात, मूठ-मूठ. पिठल्याच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून आपण जे करतो तेच. इथे कारण मात्र निराळे आहे. थोड्या पाण्यात सारी पूड एकदम आली, तर कॅल्शियम आणि कार्बोनेट यांची गाठ पडून चुना बनतो, पाणी ताकासारखे पांढरे होते आणि तो चुना काही केल्या पुन्हा विरघळत नाही. असा एक नासलेला समुद्र आम्ही मोरीत ओतला आहे.

तिसरे, माप. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार, मग आम्ही ३७ का घेतो? कारण पुडीतल्या काही क्षारांच्या अंगातच पाणी असते. वजनात ते मोजले जाते, खारटपणात नाही. निरनिराळ्या पुड्यांना हे माप थोडे निराळे लागते, म्हणून वजनकाट्यावर न विसंबता शेवटी खारटपणा मोजायचा. दुर्बिणीसारखे यंत्र म्हणाले, ते याचसाठी. त्याच्या काचेवर पाण्याचा थेंब ठेवून उजेडाकडे पाहायचे. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा ३५ वर आली की झाले. घनतेच्या भाषेत सांगायचे तर पंचवीस अंश उष्णतेला १.०२६. यंत्रही अधूनमधून ठरावीक खारटपणाच्या पाण्याने तपासून घ्यावे लागते, नाहीतर तेच खोटे बोलू लागते.

चौथे, धीर. पूड दिसेनाशी झाली म्हणजे समुद्र झाला, असे नाही. पाणी रात्रभर फिरू द्यावे, हवेशी त्याची ओळख होऊ द्यावी, टाकीतल्या पाण्याइतके ते कोमट व्हावे. मग टाकीतले दहा लिटर काढून हे दहा लिटर हळूहळू सोडावे. आणि पूड थेट टाकीत, माशांच्या डोक्यावर, कधीही टाकू नये.

पाचवे खास आपल्या हवेसाठी. पुडीतले मॅग्नेशियमचे क्षार पावसाळी हवेतले पाणी ओढून घेतात. जुलैत डब्याचे झाकण सैल राहिले आणि ऑगस्टात आम्हाला समुद्र हातोडीने फोडावा लागला. शिवाय हलके-जड क्षार डब्यात वर-खाली बसतात, म्हणून वापरण्यापूर्वी डबा आडवा लोळवून घ्यायचा. हे काम चिरंजीवांचे. त्यात ते कधी कुचराई करीत नाहीत.

मे महिन्यातली गोष्ट

इतके सारे ठाऊक असून माझ्या हातून जे झाले, ते लिहिल्याखेरीज हा लेख पुरा होणार नाही.

आमच्या टाकीत पूर्वी एक कोळंबी होती. लाल पाठीवर पांढरी रेघ आणि दोऱ्यासारख्या लांब मिश्या. मासे तिच्यापुढे येऊन उभे राहत आणि ती त्यांचे अंग वेचून साफ करी. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात कोळंबी पाहिली ती पातेल्यात. पण हिच्यापुढे त्याही खुर्ची टाकून बसत. चिरंजीवांनी हात पाण्यात घातला की ती त्यांची नखे साफ करायला येई. ते काम मी बारा वर्षे ओरडून करवू शकले नव्हते.

मे महिन्यात बापलेक दहा दिवस नागपूरला लग्नाला गेले. माझ्या उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या म्हणून मी मागे राहिले. उन्हाळ्यात पाणी तापू नये म्हणून टाकीवर पंखा लावतो. त्याने रोज लिटरभर पाणी उडून जाते. "पाणी कमी झालं की भर घाल," एवढे सांगून दोघे गाडीत बसले. मी भर घातली. पण कसली? बादलीत तयार असलेला समुद्र! समुद्र कमी झाला, तर समुद्रच ओतायचा. मला त्यात काही गैर दिसले नाही.

पाणी उडते, मीठ उडत नाही. पाचवीतल्या मुलालाही हे ठाऊक असते. वाफेबरोबर गेले ते गोडे पाणी आणि मी मात्र रोज ३५ ग्रॅम क्षार आणखी टाकत राहिले. ऐंशी लिटरात मुळात २८०० ग्रॅम होते. दहा दिवसांत ३१५० झाले. ते येण्याच्या दिवशी सकाळी मी हौसेने यंत्राला डोळा लावला, तर रेषा ३९ च्याही वर!

माझ्या पोटात गोळा आला. कागद घेऊन हिशेब मांडला : नऊ लिटर खारे पाणी काढून नऊ लिटर गोडे पाणी घातले की काटा पुन्हा ३५ वर येतो. हिशेब अगदी बरोबर होता. मी ते अर्ध्या तासात उरकले. यंत्रात पाहिले, ३५. सुटकेचा निःश्वास टाकला आणि मंडळींसाठी कुकर लावला.

संध्याकाळपर्यंत कोळंबी कुशीवर पडली होती. समुद्रातल्या बहुतेक बिनकण्याच्या जीवांच्या अंगातला द्रव आणि बाहेरचे पाणी यांचा खारटपणा जवळपास समान असतो. बाहेरचे पाणी एकाएकी अळणी झाले की ते शरीरात शिरू लागते आणि त्याला तोंड द्यायला त्या जिवाला वेळच मिळत नाही. दहा दिवसांत हळूहळू वाढलेला खारटपणा तिने सोसला होता. अर्ध्या तासात केलेली दुरुस्ती तिला सोसली नाही. तेच पाणी मी चार-सहा दिवसांत थोडे-थोडे बदलले असते, तर कदाचित ती जगली असती.

चिरंजीव घरी आले, ते बूट न काढताच टाकीपाशी गेले. मी सारे सांगितले. काही लपवले नाही. त्याने ऐकून घेतले. जेवताना तो बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही फारसे नाही. वर्गात शंभर मुलांपुढे तास-तासभर बोलणाऱ्या मला त्या दोन दिवसांत एक धड वाक्य सुचले नाही. सासूबाईंनी त्या महिन्यात बाजारातून कोळंबी आणली नाही. कुणी त्यांना तसे सांगितले नव्हते.

तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले, तर टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीशी पांढरी चिकटपट्टी लावलेली आणि तिच्यावर चिरंजीवांच्या अक्षरात : 'इथपर्यंत, फक्त गोडे पाणी.' खाली लहान अक्षरांत : 'आईसाठी.' मी समजले, की बोलणे सुरू झाले.

बाहेरचा समुद्र

मुले मोठी होतात तसे त्यांचे प्रश्नही मोठे होतात. परवा त्याने विचारले, "आई, आपण इतकं मोजून करतो, खऱ्या समुद्राचं कोण मोजतं?" मोजणारे आहेत आणि त्यांनी मोजलेले फारसे सुखाचे नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेतो, त्यामुळे उद्योगयुग सुरू झाल्यापासून त्याच्या पृष्ठभागाचा सामू ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला आहे. आकडा दिसायला छोटा. पण शंख आणि खडक रचणाऱ्या जिवांना त्याने बांधकाम महाग केले आहे. पाणी उन्हाळ्याच्या कमाल उष्णतेपेक्षा एखादा अंश वर जाऊन आठवडेच्या आठवडे तिथेच राहिले, की प्रवाळ पांढरे पडतात. आपल्या लक्षद्वीपात १९९८, २०१० आणि २०१६ साली हे झाले. २०२४ साली तर जगभरच्या प्रवाळांवर ही आपत्ती चौथ्यांदा आल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. आमच्या कोळंबीने जे शिकवले तेच इथे मोठ्या प्रमाणावर दिसते : बदल किती झाला यापेक्षाही तो किती घाईने झाला, यावर पुष्कळदा जीव अवलंबून असतो. मी त्याला एवढेच सांगितले. नऊ लिटर पाणी मला धड बदलता आले नाही, तिथे महासागराविषयी मोठे बोलण्याचा मला अधिकार नाही.

माझ्या विषयातले मात्र एक त्याला सांगितले आणि ते त्याला आवडले. आपला 'मीठ' हा शब्द ज्या मुळापासून आला, त्याच मुळापासून हिंदीतला 'मीठा'. त्याचा अर्थ गोड. आणि रूपाला आपण 'लावण्य' म्हणतो, तो शब्द 'लवण' म्हणजे मीठ यापासून. पुराणांत सात समुद्र सांगितले आहेत; उसाच्या रसाचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचासुद्धा. पण आपल्या जंबुद्वीपाभोवती आहे, तो खारटच. दुधाचा असता तर बरे झाले असते, असे लहानपणी मला वाटे. आता वाटत नाही; दुधाला आठवड्याला दहा लिटर म्हणजे केवढा खर्च!

हा लेख लिहिते आहे तोवर फराळाची तयारी सुरू झाली आहे. चकलीची भाजणी दळून आली. सासूबाई चिवड्याचे पोहे उन्हात घालताहेत. चिरंजीवांनी निळ्या बादलीवर नवी चिठ्ठी डकवली आहे : 'हे मीठ चिवड्यात घालू नये.' मागच्या चुकीपासून घरात माझ्यावर फारसा विश्वास उरलेला नाही. पण आज शनिवार आहे आणि आजचा समुद्र लावायचे काम त्याने माझ्याकडे सोपवले आहे. पुढच्या महिन्यात नवी कोळंबी आणायची म्हणतो. तेव्हा आता लेखणी खाली ठेवते. दहा लिटर पाणी मोजून घ्यायचे आहे.